‘तुमचा मेल क्रॉसिंगला देता काय?’ : नकारामागची कारणं

कोल्हापुरात ज्याच्या घरी देखणा नर कुत्रा आहे, त्याला हा प्रश्न चुकत नाही. रंकाळ्याच्या काठानं फिरताना, दवाखान्यात नंबर लावून बसलेलं असताना, कधी थेट दारात येऊन कुणीतरी विचारतं, “पावणं, मेल हाय न्हवं? क्रॉसिंगला देता काय? आमची फीमेल हिटवर आलीया.” क्रॉसिंग म्हणजे मेटिंग, नर-मादीचं मीलन, आणि हिट म्हणजे कुत्रीचा माज. विचारणारा बहुतेक वेळा भला माणूस असतो. त्याच्या घरात कुत्री लाडाची असते, पोरांना पिल्लं हवी असतात. “आम्ही देत नाही” असं सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. “तुमचं काय झिजतंय वो? एक पिल्लू तुमालाबी देतो की!”

मी स्वतः नर लॅब्रॅडॉर पाळतो आणि तो देत नाही. माझ्या ओळखीत असे आणखी बरेच जण आहेत. आम्हाला माणुसकी नाही किंवा कुत्र्याचा गर्व झालाय, असं समजलं जातं. म्हणून या नकारामागं काय काय असतं ते एकदा सविस्तर सांगायचं आहे. नर देणारा माणूस अर्ध्या तासाची मदत करत नसतो. त्या वेतात जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लाला निम्मी जनुकं त्याच्या कुत्र्याकडून येतात आणि त्या जनुकांबरोबर पुढची दहा-बारा वर्षं येतात.

आधी रीत काय आहे ते पाहू. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांतून एकदा हिटवर येते आणि हा काळ तीनेक आठवडे चालतो. सुरुवातीचे आठ-नऊ दिवस रक्त जातं, तेव्हा ती नराला जवळ येऊ देत नाही. त्यानंतरचे काही दिवस कामाचे. नर स्वतःच्या जागेत बिनधास्त असतो, म्हणून मादीला नराच्या घरी आणतात, आणि दिवसाआड दोनदा मेटिंग करून घेतात. मोबदला म्हणून पैसे किंवा वेतातलं एक पिल्लू. लेखी काही नसतं, सगळं तोंडी. मादी गाभण राहिली तर सुमारे ६३ दिवसांनी पिल्लं होतात.

ऐकायला सोपं आहे. अडचण नराच्या वयापासूनच सुरू होते.

लोक नर मागायला येतात तेव्हा तो बहुधा वर्ष-सव्वा वर्षाचा असतो. अंगानं भरलेला, केस चमकतायत, चाल डौलदार. पण त्या वयात त्याच्याबद्दल आपल्याला फार थोडं ठाऊक असतं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर या जातींत हिप डिसप्लेसिया नावाचा दोष बराच आढळतो. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसत नाही, सांधा घासत राहतो आणि कुत्रा पुढं उठता-बसताना कण्हायला लागतो. हा दोष बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे आणि एकाच नव्हे तर अनेक जनुकांमधून येतो. जादा वजन आणि घरातली गुळगुळीत फरशी त्यात भर घालतात. वर्षाचा कुत्रा मजेत पळत असला तरी त्याचे खुबे चांगले असतील असं नाही, त्यासाठी एक्स-रे लागतो. अमेरिकेतली ओएफए ही संस्था तर कुत्रा २४ महिन्यांचा होईपर्यंत खुब्याचा अंतिम दाखलाच देत नाही. आपल्याकडं त्या वयापर्यंत कित्येक नरांची दोन-तीन वेतं होऊन गेलेली असतात.

खुब्याचं निदान दोन वर्षांत तरी कळतं. डोबरमनमध्ये हृदयाचा स्नायू पातळ आणि कमजोर होण्याचा आजार आनुवंशिक आहे आणि तो बऱ्याचदा मध्यम वयात दिसतो. त्याआधी कुत्रा ठणठणीत असतो आणि एखाद्या दिवशी चालता चालता कोसळतो. फिट येण्याचा आनुवंशिक आजार पहिल्या वर्षात दिसू शकतो, तसा चौथ्या-पाचव्या वर्षीही सुरू होऊ शकतो. म्हणजे ज्या वयात नराला मागणी असते, त्या वयात त्याच्या बऱ्याच आजारांची चाहूलसुद्धा लागलेली नसते. माझ्या मते नकाराचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला ते सांगायला सगळ्यात अवघड.

यापुढची गोष्ट डोळ्यांना कधीच दिसत नाही. काही आजारांत बापाकडून एक आणि आईकडून एक अशी दोन सदोष जनुकं आली तरच आजार होतो. एकच आलं तर कुत्रा आयुष्यभर निरोगी राहतो, पण ते जनुक पुढं देऊ शकतो. अशा कुत्र्याला वाहक म्हणतात. लॅब्रॅडॉरमधला पीआरए हा असाच आजार. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो, आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग दिवसाचंही. नर वाहक आणि मादीही वाहक असेल, तर होणाऱ्या प्रत्येक पिल्लाला आंधळेपणाची शक्यता २५ टक्के आणि वाहक होण्याची ५० टक्के. दोन्ही आई-बाप बघायला गेलं तर नजरेनं तीक्ष्ण! डीएनए चाचणीशिवाय हे कळायला दुसरा मार्ग नाही. उलट नर चाचणीत पूर्ण निर्दोष निघाला, तर मादी वाहक असली तरी एकाही पिल्लाला हा आजार होत नाही. एका चाचणीनं एवढा फरक पडतो.

“पण आमच्याकडं पेपर हायत की!” हे उत्तर हमखास येतं. केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर वंशावळ सांगतात, आई-बाप, आजा-पणजा कोण ते. खुबे कसे आहेत, जनुकं कशी आहेत, हे त्यात नसतं. तरीही पेपर असलेले बरे, कारण निदान नातं तरी कळतं. एका शहरातली बरीचशी पिल्लं मोजक्या केनेलमधून आलेली असली की नर आणि मादी एकाच बापाची असणं अजिबात अशक्य नाही. असा संबंध झाला तर पिल्लांतलं अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या रक्तातल्या मेळाचं प्रमाण, १२.५ टक्क्यांवर जातं आणि सख्ख्या भावा-बहिणीचा झाला तर २५ टक्क्यांवर. लपलेले दोष दोन्हीकडून एकत्र यायला याहून सोपी वाट नाही.

नराच्या मालकानं जास्त जपायला का हवं, याचं एक साधं गणित आहे. मादीकडून वर्षाला फार तर एक वेत घ्यावं, आणि आयुष्यात तीन-चार. नराला अशी मर्यादा नाही. दहा माद्या, प्रत्येकीची सात पिल्लं, म्हणजे एका नराची सत्तर पिल्लं, तीही कदाचित एकाच तालुक्यात. त्याच्यात लपलेला दोष असला तर दोन पिढ्यांनंतर त्या भागात त्या दोषाशिवायचं कुत्रं शोधावं लागेल. एका अंडकोषाचा नर याचं चांगलं उदाहरण. काही पिल्लांत एक अंडकोष खाली उतरत नाही, पोटातच राहतो. हा दोष आनुवंशिक आहे आणि पोटात राहिलेल्या अंडकोषाला कॅन्सरचा धोकाही जास्त. पण दुसऱ्या अंडकोषाच्या जोरावर असा नर पिल्लं देऊ शकतो, म्हणून लोक बेधडक वापरतात. अशा नरासाठी शस्त्रक्रिया हाच रस्ता आहे, ब्रीडिंग नव्हे.

आता रोगांकडं वळू. हे कोल्हापूर जिल्ह्याला समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. इथं घरोघर म्हैस आहे, दूध संस्थेचं खातं आहे आणि जनावर गाभडणं म्हणजे काय नुकसान असतं हे लहान पोरालाही ठाऊक आहे. गाभ टाकण्यामागं असलेल्या कारणांत ब्रुसेलोसिस हा जंतुरोग मोठं कारण. त्यासाठी सरकारनं २०१९ पासून देशभर मोहीम घेतली आहे, ४ ते ८ महिन्यांच्या फक्त मादी वासरांना, म्हणजे कालवडींना आणि पारड्यांना, लस टोचतात. रेतन केंद्रावरच्या वळूची ब्रुसेलासाठी तपासणी झाल्याशिवाय त्याचं रेत बाहेर पडत नाही. गावातला मोकाट वळू गाईला लागू नये म्हणून शेतकरी जपतो, तो उगाच नाही.

कुत्र्यांत याच कुळातला दुसरा जंतू आहे, ब्रुसेला कॅनिस. मेटिंगमधून तो नराकडून मादीकडं आणि मादीकडून नराकडं जातो. लागण झालेली कुत्री दीड महिना उलटल्यावर गाभ टाकते, किंवा अशक्त पिल्लं जन्मून लगेच मरतात. नराचे अंडकोष सुजतात, पुढं तो वांझही होतो. पण अनेकदा बाहेरून काहीच दिसत नाही आणि जंतू मात्र वीर्यातून, लघवीतून बाहेर पडत राहतात. कुत्र्यांसाठी याची लस नाही. अँटिबायोटिकनं जंतू दबतात, पण पेशींच्या आत लपून राहत असल्यानं पूर्ण गेले असं छातीठोक सांगता येत नाही. शिवाय हा रोग माणसाला होऊ शकतो. ज्या घरात म्हातारी माणसं, गरोदर बाई, रांगतं पोर आहे, तिथं एका मेटिंगपायी हा धोका का घ्यायचा? रक्ताची तपासणी करून घेऊ असं सुचवलं की समोरचा नाराज होतो, आपल्या कुत्रीवर संशय घेतला असं त्याला वाटतं. म्हशीच्या बाबतीत हाच माणूस तपासणीचा आग्रह धरेल.

दुसरा रोग आपल्या रस्त्यांवर ढिगानं दिसतो. टीव्हीटी, म्हणजे मेटिंगमधून पसरणारी गाठ. हा खरोखरीचा संसर्गजन्य कॅन्सर आहे. इथं जंतू पसरत नाहीत, कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. नोविन्स्की या रशियन पशुवैद्यकानं १८७६ मध्ये ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. आजच्या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींपासून चालत आल्या आहेत, हे जनुकीय अभ्यासातून पुढं आलं आहे. गाठ फुलकोबीसारखी दिसते आणि तिच्यातून रक्त ठिबकतं. मादीच्या बाबतीत मालकाला वाटतं, हिटवर आली, आणि तो नर शोधायला निघतो! सुदैवानं व्हिनक्रिस्टिन या कॅन्सरवरच्या औषधाच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी हा कॅन्सर बहुतेक वेळा बरा होतो. पण प्रत्येक इंजेक्शनआधी रक्त तपासायचं, उलट्या-अशक्तपणा सोसायचा, महिना-दीड महिना दवाखाना.

गोचीड ताप, पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य रोग) हे मेटिंगचे रोग नव्हेत, पण बाहेरचं जनावर अंगणात आलं की त्यांनाही वाट मिळते. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. एवढं सांगून पुढं जातो.

प्रत्यक्ष मेटिंगबद्दलही लोकांना कल्पना नसते. कुत्र्यांत नर-मादी अडकतात. नराच्या लिंगाच्या बुडाशी असलेली गाठ मादीच्या आत फुगते आणि ती ओसरेपर्यंत दोघं पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, कधी जास्तही, पाठीला पाठ लावून उभी राहतात. या वेळात कुणी घाबरून ओढलं, पाणी मारलं, मादी बसली किंवा उसळली, तर दोघांनाही आतून इजा होते. पहिलटकर मादी घाबरून नराच्या तोंडाला चावते. दोघांना धरून बसायला शांत, जाणती माणसं लागतात. बाजूला चार पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढतायत, अशा अंगणात ते होत नाही.

भांडणं मागाहून होतात. मादी राहिली नाही तर पैसे परत करायचे का? पुन्हा फुकट मेटिंग द्यायचं का? खरं तर न राहण्याचं कारण बहुतेकदा चुकलेला दिवस असतो. रक्त दिसल्यापासून अमुकाव्या दिवशी, असा ठोकताळा लावतात, पण प्रत्येक मादीचा दिवस वेगळा. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्त तपासणी केली तर तो बऱ्यापैकी अचूक कळतो. दोष मात्र नरावर येतो.

याहून वाईट भांडण पितृत्वाचं. नराचे शुक्रजंतू मादीच्या पोटात पाच-सहा दिवस जिवंत राहू शकतात आणि मादीची बीजं सुटल्यावर परिपक्व व्हायला दोन-तीन दिवस घेतात. त्यामुळं एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. सोमवारी तुमच्या नराशी मेटिंग झालं, बुधवारी कुणीतरी गेट उघडं ठेवलं आणि पेठेतला एखादा गल्लीतला कुत्रा आत शिरला, की आठांतली तीन पिल्लं लॅब्रॅडॉरसारखी आणि पाच वेगळीच. मग “तुमचा कुत्रा प्युअर न्हाई” असं ऐकून घ्यायचं. शेजाऱ्याशी असलेले वीस वर्षांचे संबंध अशा गोष्टीवरून बिघडलेले मी पाहिले आहेत.

दोन समज इतके पक्के आहेत की त्यांना उत्तर द्यायलाच हवं. एक, ‘आयुष्यात एकदा तरी मेटिंग व्हायला हवं, नाहीतर नर आजारी पडतो, चिडका होतो.’ याला वैद्यकीय आधार नाही. मेटिंग न झालेला नर सुखानं जगतो. उलट एकदा सवय झाल्यावर काही नर जास्त बेचैन होतात. आसपास कुठं मादी हिटवर आली की जेवण सोडतात, रात्रभर रडतात, जागोजागी लघवी करतात, साखळी तोडून पळतात. दुसरा समज, ‘मुकं जनावर, त्यालाबी इच्छा असती, लग्न नको व्हय त्याला?’ यातली माया खरी आहे. पण कुत्र्याच्या मनात लग्न, संसार, पोरंबाळं असं काही नसतं. संप्रेरकांची ओढ असते, तीही मादीचा वास आला की उठणारी. त्याला हवा असतो आपला सहवास, रोजचं फिरणं, वेळेवर जेवण.

आणि पिल्लं? लॅब्रॅडॉरला सात-आठ पिल्लं सहज होतात. विचारायला आलेला माणूस सांगतो, “समदी बुक हायत.” आठव्या आठवड्यापर्यंत त्यातले निम्मे मागे सरतात, कारण तोवर घरात आजी नाही म्हणते, भाड्याच्या घरात मालक नाही म्हणतो. मग पिल्लं महिन्याभरातच वाटेल त्याला देऊन टाकतात. २०१७ च्या कुत्रा पैदास आणि विक्री नियमांप्रमाणं ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, १८ महिन्यांच्या आतली मादी लावता येत नाही, आणि विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते. मोबदल्यात मिळालेलं पिल्लू आपण पुढं विकलं, की आपणही त्याच साखळीत आलो. देशात २०१९ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांची नसबंदी स्थानिक संस्थांनी करायची आणि पाळीव कुत्र्यांची जबाबदारी मालकाची, असं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. गळ्यावर पट्ट्याचा वण असलेलं जातिवंत कुत्रं हायवेच्या कडेला बघितलं, की त्याचा बाप कुणाच्या घरी मजेत झोपला असेल हा विचार मला सोडत नाही.

एका ठिकाणी मात्र माझा सरसकट नकाराला विरोध आहे. शिरोळ, कागल, गडहिंग्लजकडं आणि पुढं सीमाभागात कारवान, पश्मी, मुधोळ ही आपली शिकारी कुत्री आहेत. पाय लांब, कंबर बारीक, या उन्हाला आणि माळाला घडलेली. त्यांचे जुने मालक अनोळखी माणसाला नर देत नाहीत. कुठल्या घरातली कुत्री, तिची आई कशी पळायची, हे तोंडपाठ असतं आणि ते विचारल्याशिवाय पुढं बोलणं होत नाही. ही चिकित्सा मला फार आवडते. पण जात मुळात थोडी असेल आणि चांगल्या नराचे सगळेच मालक दार लावून बसले, तर उरलेल्या दोन-चार नरांवरच जात चालते आणि रक्त आटत जातं. अशा जातीतला निरोगी, स्वभावानं शांत, तपासलेला नर दूरच्या रक्ताच्या तपासलेल्या मादीला जरूर द्यावा. तिथं होकारच जातीच्या भल्याचा आहे.

पग आणि बुलडॉगच्या बाबतीत माझं मत बरोबर उलट. चपट्या तोंडापायी धड श्वास घेता येत नाही, बुलडॉगची बहुसंख्य बाळंतपणं सिझेरियननं होतात. त्यांचा नर द्यायचा विचारही करू नये असं मला वाटतं.

ज्यांनी द्यायचंच नाही असं ठरवलंय, त्यांनी नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. अंडकोषाच्या कॅन्सरचा धोका त्यानं संपतो, उतारवयात प्रोस्टेट वाढण्याचा त्रासही टळतो. मोठ्या जातींत मात्र घाई करू नये. हाडांची वाढ पूर्ण व्हायच्या आत शस्त्रक्रिया केली तर सांध्यांचे त्रास वाढू शकतात, असं लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हरच्या अभ्यासांत दिसलं आहे. किती महिन्यांनी करायची ते जातीप्रमाणं बदलतं.

आणि ज्यांना खरोखर मनापासून एक वेत घ्यायचं आहे, त्यांनी कुत्री हिटवर आल्यावर नर शोधायला निघू नये. तेव्हा हातात जेमतेम दहा दिवस असतात. एवढ्यात ब्रुसेलाची तपासणी, खुब्याचे एक्स-रे, डीएनएचा अहवाल, पेपरवरून नातं बघणं, यांतलं काहीच धड होत नाही, आणि जाणता मालक घाईत होकार देत नाही. हिट संपली की मगच नराच्या मालकाकडं जावं. पुढची हिट यायला पाच-सहा महिने असतात. तेवढ्या वेळात दोन्ही कुत्र्यांच्या सगळ्या तपासण्या निवांत होतात, मादीचं लसीकरण आणि जंताचं औषध पूर्ण होतं, पिल्लं कुणाकुणाकडं जाणार त्या घरांत एकदा जाऊन येता येतं, आणि पैसे, पिल्लू, मादी राहिली नाही तर काय, हे सगळं एका कागदावर लिहून दोघांना सही करता येते.